लाल गाडीचं स्टीअरिंग

चार जुने दोस्त जमले की कुणीतरी म्हणतंच, "वासू, त्या लाल गाडीचं काही सांग!" शेकडो गाड्या हाताखालून गेल्या, आज त्यांचे नंबरही आठवत नाहीत. ही एकच गाडी, तिच्यातही बिघडायचं ते स्टीअरिंगच, आणि दरवेळी तक्रार नवीन. किस्से साचणारच!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात सदरला गुलाबराव उस्तादांचं गॅरेज होतं, मी तिथे मेकॅनिक. गाडी धंतोलीच्या डॉक्टर पाठराब्यांची. डॉक्टर सर्जन, हाताला यश असलेले. गाडी विलायती स्पोर्ट्स कार, दोन सीटची, वरून उघडी. मँगनीजच्या खाणीवरचा एक गोरा मॅनेजर मायदेशी जाताना ती त्यांच्या हवाली करून गेला होता.

*

पहिली तक्रार : "गाडी डावीकडे ओढते."

मी टायरची हवा पाहिली, दोरी लावून चाकांची रेषा तपासली, ब्रेकचे ड्रम उघडले. तीन दिवस गेले, दोष काही सापडेना. शेवटी उस्ताद स्वतः डॉक्टरांच्या शेजारी बसले. मी मागच्या डिकीवर अवघडून. वर्धा रोडचा मोकळा पट्टा लागल्यावर उस्ताद म्हणाले, "साहेब, जराशी उजव्या बाजूनं चालवा."

समोरून कुणी येत नव्हतं. डॉक्टरांनी गाडी उजव्या कडेला घेतली, आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली!

"रस्ता मधात उंच हाय, दोन्ही कडेले उतरता," उस्ताद म्हणाले. "गाडी नाही ओढत साहेब, रस्ता ओढून राहिला!"

डॉक्टर मागे वळून मला म्हणाले, "म्हणजे तीन दिवस तुम्ही धडधाकट पेशंटला ॲडमिट करून ठेवलं होतं!"

*

मग एकदा डॉक्टरांनी हौसेने गाडी रंगवून आणली. दुसऱ्या ठिकाणी हं, आमच्याकडे नाही. काय चमकत होती! पण दोन महिन्यांत स्टीअरिंग असं जड झालं, की वळवताना डॉक्टरांचा चष्मा घसरायचा.

मी स्टीअरिंगचा बॉक्स उघडायच्या तयारीत होतो. उस्तादांनी थांबवलं. गाडीखाली गेले, खिळ्याने पुढच्या चाकाजवळ काहीतरी खरवडलं आणि हसायलाच लागले. ग्रीस भरायची सगळी तोंडं पेंटरने लांबी भरून, वर रंग मारून बुजवून टाकली होती. वरून ग्रीस मारलं जात होतं, आत थेंबही जात नव्हता.

"अरे, बाईले पावडर लावली," उस्ताद म्हणाले, "पण तोंड शिवून टाकलं नं गा!"

*

वेग ताशी चाळीस मैलांच्या पुढे गेला की स्टीअरिंग गदागदा हलायचं, ही तिसरी तक्रार. डॉक्टरांनी पुस्तक वाचून रोगाचं नाव काढलं होतं आणि पार्टसाठी मुंबईला पत्रही टाकलं होतं.

उस्तादांनी चाक वर उचललं, फिरवलं, सोडलं. थांबताना दरवेळी तोच भाग खाली. त्यांनी रिमच्या आतून बोट फिरवलं आणि मुठीएवढं वाळकं ढेकूळ काढलं. काळी माती! आदल्या आठवड्यात डॉक्टर पेशंट पाहायला कन्हानकडे गेले होते, गाडी शेताच्या चिखलात घातली होती.

"मुंबईले कळवा," उस्ताद म्हणाले, "पार्ट कन्हानातच भेटला म्हणून!"

*

हा किस्सा मात्र मी हसत सांगत नाही.

स्टीअरिंगमध्ये थोडी ढील आली होती. मी बॉक्सचा स्क्रू आवळला. ढील राहिली, अजून आवळला. मग ढील कुठली, हलायचं नावच नाही! मी खूश. उस्ताद ट्रायलला घेऊन गेले. वळण घेतलं आणि सरळ होताना स्टीअरिंग परत फिरेचना. गाडी थेट कडुनिंबाकडे! खोडापासून हातभर अंतरावर ती थांबली.

उस्ताद रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. ते शांतपणे म्हणाले, "ढिल्या गाडीत माणूस सांभाळून बसते गा वासू. तुह्या गाडीत मी बिनधास्त बसलो होतो."

त्यानंतर कुठलाही स्क्रू आवळताना माझा हात आधी थांबतो.

*

आणि हा शेवटचा.

त्या वर्षी उस्तादांच्या बायकोला, सुमनवहिनींना, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. "हात लावतील तर पाठराबे डॉक्टरच," असं म्हणून वहिनी त्यांच्याच दवाखान्यात ॲडमिट झाल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर गाडी घेऊन आले. "उस्ताद, हल्ली हळू चालवतानाही स्टीअरिंग थरथरतं हो."

उस्तादांनी सगळं तपासलं. मग एकटेच चक्कर मारून आले. मी विचारलं, "काय सापडलं?"

"गाडीत काहीच नाही."

एवढं बोलून ते नळावर गेले. एकदा हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग डॉक्टरांजवळ आले. "साहेब, बसा बरं गाडीत. हात स्टीअरिंगवर ठेवा. इंजिन चालू नका करू."

डॉक्टर बसले. हात ठेवले. बंद गाडीचं स्टीअरिंग बारीक टिकटिक करत हलत होतं.

डॉक्टरांनी हात उचलले. टिकटिक थांबली. पुन्हा ठेवले, पुन्हा सुरू झाली. ते आपल्या हातांकडे पाहत राहिले.

"सुमनताईंना मी काय सांगू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तिले मी सांगतो," उस्ताद म्हणाले. "ऑपरेशन तुमच्या हाताखालचे लहान डॉक्टर करतीन. पण तुम्ही तिच्या उशाशी उभे राहा साहेब. नाहीतर सुमन टेबलावर चढत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. दीड तासाने दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, दोन्ही हात कोटाच्या खिशात. "झालं. उत्तम झालं," म्हणाले.

मग त्यांनी उजवा हात खिशातून काढून पुढे केला. उस्तादांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि घट्ट धरून ठेवला.