मालकांना विचारून

"जरा वाका की, वाचता येईना," इस्लामपूरहून आलेल्या बाई म्हणाल्या.

मी वाकले. माझ्या गळ्यात लसीचं सर्टिफिकेट होतं. लॅमिनेशन केलेलं, लाल नाडीला बांधलेलं. महाबळेश्वरच्या त्या हॉटेलात खोल्या झाडणारे, चादरी बदलणारे, ताटं नेणारे आम्ही नऊ जण. नऊ जणांच्या गळ्यात तसंच. कल्पना मालकांची. नाताळचा सीझन होता. गाडी फाटकातून आत आली की पोर्चमध्ये ओळीनं उभं राहायचं. पाहुण्यांनी वाचायचं. मग आम्ही त्यांच्या बॅगा उचलायच्या.

बाईंनी कार्डाचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरलं. नाव वाचलं. आडनाव वाचलं. आडनावाशी जरा थांबल्या. मग कार्ड सोडून हातांना सॅनिटायझर चोळलं.

मालक पायरीवर उभे होते. "आमची सगळी माणसं टोचून घेतलीत," ते म्हणाले.

शेजारी उभी असलेली सुमन माझ्या कानाशी पुटपुटली, "गुरांच्या डाक्टरानं कानात बिल्ला मारल्यागत हाय बग ही." मला हसू आलं नाही. रागही आला नाही. आई गेल्यापासून मला काहीच येत नव्हतं.

आई मालकांच्या बंगल्यावर बावीस वर्षं भांडी घासायची. आमच्या घरात काहीही करायचं म्हटलं की आधी मालकांना विचारायचं. माझं लग्न ठरलं तेव्हा विचारलं. घरावर पत्रा कुठला घालायचा, विचारलं. भावाला दहावीनंतर पुढं शिकवू का, विचारलं. मालक म्हणाले, गाडी शिकव त्याला, शिकून काय कलेक्टर होणार आहे का. भाऊ टॅक्सी चालवतो. गणितात हुशार होता. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मोठ्या माणसाला विचारायचं, ही रीत. नाही विचारलं तर माज आला म्हणतात.

लस आली तेव्हा पहिला नंबर साठीच्या वरच्यांचा. घाटाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. तिथं जितकी तोंडं तितकी मतं. कुणी म्हणे, सुई घेतली की दोन वर्षांत माणूस जातं. कुणी म्हणे, आधी आपल्यावर करून बघणार, आपण जगलो तर मग त्यांची माणसं घेणार. मिलिटरीतून रिटायर झालेला एक जण सांगायचा की पलटणीत असल्या ढीगभर सुया घेतल्या, काही होत नाही. त्याचं कोण ऐकतंय? उपकेंद्रातली नर्स उन्हातून चढण चढून दोनदा घरी आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा शिमगा दोन दिवसांवर होता. आईशेजारी बसून तिनं सगळं समजावून सांगितलं. आईनं तिला चहा दिला आणि म्हणाली, "मालकास्नी इचारून सांगते."

मी तिथंच होते. मला ते बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालक व्हरांड्यात पेपर वाचत होते. आईनं पदर सावरून विचारलं. त्यांनी पेपर खालीसुद्धा केला नाही.

"तुला कशाला गं म्हातारे? तुमची हाडं चिवट. मी तरी कुठं घेतोय? उगाच दोन दिवस तापानं पडशील, मग भांडी कोण घासणार?"

आई हसली. चिवट म्हणाले ते तिला कौतुक वाटलं. वस्तीत येऊन तिनं चौघीजणींना सांगितलं, मालक बी घेत न्हाईत. त्या चौघींनीही घेतली नाही. एवढा शिकलेला, गाडी-बंगल्याचा माणूस घेत नाही म्हणजे त्यात काहीतरी असणारच. हे मीही बोलले. माझ्या तोंडानं बोलले. उन्हातून चालत आलेली नर्स खोटी आणि सावलीत बसलेले मालक खरे.

मे महिन्यात हॉटेल बंद होतं. मला बंगल्यावर बोलावलं. मालकांना सर्दी झालीय, माडीवर जेवण न्यायचं, एवढंच सांगितलं. मालकीणबाई स्वतः वर जात नव्हत्या. नुसत्या सर्दीला एवढं कशाला, हे मी विचारलं नाही. आम्ही विचारायचो ते परवानगीसाठी. जाब कधी विचारला नव्हता. मी ताट वर न्यायचे, आई ते ताट घासायची. पाच-सहा दिवसांत मालक खडखडीत बरे झाले. गॅलरीत उभं राहून मला म्हणाले, "बघितलंस? रक्तात ताकद लागते."

एका सकाळी फरशी पुसताना मला फिनेलचा वास येईना. वाटलं, कुणीतरी बाटलीत पाणी घातलंय. बाटली नाकाशी धरली. काही नाही. संध्याकाळी ताप भरला. दोन दिवसांनी आईलाही. आम्हा दोघींना गावच्या शाळेत ठेवलं, चौथीच्या वर्गात. माझी पोरगी भावाकडं राहिली. फळ्यावर जुना सुविचार तसाच राहिला होता. तिसऱ्या दिवशी आईला बोलताना धाप लागायला लागली. साताऱ्याहून ॲम्ब्युलन्स आली. मला आत चढू दिलं नाही. दार लावायच्या आधी ती म्हणाली, "मालकास्नी कळीव, उद्या येत न्हाई म्हणावं."

तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. चार दिवसांनी भावाला फोन आला. तोंड बघायला मिळालं नाही. मी वर्गातच होते. फळ्यावरचा सुविचार परत परत वाचत होते. आता तो आठवत नाही. रडले नाही. जिभेची चव गेली होती, नाकाचा वास गेला होता, तसंच आतलंही काहीतरी गेलं होतं. वस्तीत बोलणं झालं की हिनंच बंगल्यावरनं आणलं.

पुढं हॉटेल उघडायची वेळ आली तेव्हा मालकांनीच आम्हाला गाडीत घालून लसीला नेलं. दोन डोस नसलेला माणूस कामावर चालणार नाही, असा नियम आला होता. पाहुण्यांना दिसणारी माणसं टोचून घ्यायची. आई बंगल्याच्या मागं मोरीवर बसायची. तिला कोण पाहुणा बघणार होता?

तर त्या दिवशी पोर्चमध्ये इस्लामपूरच्या बाईंनी हात चोळले आणि हसत मालकांना विचारलं, "आणि तुमचं हो?"

मालकही हसले. खिशातून मोबाईल काढला, सर्टिफिकेट उघडलं आणि माझ्या हातात दिला. "दे त्यांना." पायरी उतरायचा कंटाळा. ही वाचेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी दहावी पास आहे.

दोन डोस. पहिला मार्चमधला. शिमग्याच्या पंधरा दिवस आधीचा.

मी दोनदा वाचलं. म्हणजे आई पदर सावरून उभी होती तेव्हा ती सुई मालकांच्या दंडात कधीच गेली होती. रक्तातली ताकद ती हीच.

मोबाईल मी बाईंना दिला नाही.

"मालक, तुमी घेतली व्हती. मग माज्या आईला नको का म्हणालासा?"

मालकांनी आधी बाईंकडं बघितलं. "पाहुण्यांसमोर नको. आत जा."

"न्हाई जात. हितंच सांगा."

"अगं, ते आपलं सहज बोललो होतो. तुम्ही लोक लगेच मनावर घेता."

सहज. वैर धरून बोलले असते तर मला निदान वैर तरी कळलं असतं. माझ्या आईचं जगणं-मरणं त्यांच्या पेपरातलं पान उलटेपर्यंतही टिकलं नव्हतं. आणि ते सहज बोलणं आम्ही देवाच्या कौलासारखं घरी घेऊन आलो होतो. त्यांचा राग आलाच. त्याहून जास्त माझा आला. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं.

गळ्यातली नाडी डोक्यावरून काढली. कार्ड आणि मोबाईल दोन्ही पायरीवर ठेवलं. बाईंची बॅग उचलली नाही. ती सुमननं उचलली. तिला दोन पोरं आहेत, तिला मी बोल लावत नाही. मी फाटकातून बाहेर पडले ते घाटाची वाट धरली. मॅनेजरनं दोनदा निरोप धाडला, झालं गेलं विसर म्हणून. गेले नाही.

त्याच आठवड्यात त्या चौघींकडं गेले. चौघींतल्या तिघी उरल्या होत्या. मी म्हणाले, चला, मी संगं येते, सुई घ्या. माझी चुलती त्यातली एक. ती म्हणाली, "मालकास्नी इचारलंस का?"

"न्हाई. आनि तू बी इचारायचं न्हाईस."

दोघी आल्या. चुलती आली नाही. अजून घेतलेली नाही. तिला मी काय म्हणू? वर्षभरापूर्वी मी तेच बोलत होते.

आता स्ट्रॉबेरी तोडायला जाते. त्या रानालाही मालक आहे. सकाळी किती वाजता यायचं, कुठल्या वाफ्यापासून धरायचं, हे त्याला विचारते. बाकी काही नाही. परवा बांधावर उभं राहून त्यानं आपणहून विषय काढला. पोरगी बारावी झाली ना तुझी, आता पुढं शिकवत बसू नको, लग्नाचं बघ. बाकीच्या बायका खाली मान घालून तोडत होत्या. मी हातातला क्रेट खाली ठेवला. उभी राहिले. त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले,

"तुमाला इचारलं न्हाई."