पदराच्या गाठीतला भंडारा

मानवतच्या एसटीत बसल्यावर अंबाबाईनं पदराची गाठ चाचपली. गाठीत देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा होता. शेजारी येडबा, तिचा नवरा, खिडकीबाहेर बघत बसला होता. सकाळपासून तो बोलला नव्हता, आणि सकाळपासून प्यायलाही नव्हता.

पत्ता दिला होता गावच्या आशा कार्यकर्तीनं, रेणुकानं. "काकू, दारू सोडलेली माणसं तिथं दर रविवारी एकत्र बसतात. औषध न्हाई, फी न्हाई. घरच्या बायकांनाबी येऊ देतात."

एरवी अंबाबाईनं ते कानाआड केलं असतं. पण लेकीचा, शिवकन्याचा, फोन आला. नातवाचं जावळ पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात काढायचं ठरलं होतं. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात. शिवकन्याला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून मांडीचा मान आजाकडं, येडबाकडं आला होता.

"पण माय, आबा पिऊन आले तर मी चुलतभावाला बसवीन," शिवकन्या म्हणाली. "सासरची सगळी माणसं असतील."

येडबा दारातच उभा होता. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "चल, कुठं जायचं तिथं."

मानवतला उतरल्यावर मात्र तो थांब्यावरच घुटमळला. शेवटी अंबाबाईनंच चहावाल्याला विचारलं, "दारूची बैठक कुठं भरती, बाबा?"

"मावशी, ती तर गल्लोगल्ली भरती. कोणती पाहिजे?"

"सोडायची."

चहावाल्याचं हसू मावळलं. "शाळेच्या मागं, निळं दार. माझा भाऊ जातो तिथं," तो हळूच म्हणाला, आणि चहाचे पैसे काही केल्या घेईना.

निळ्या दाराआड सतरंजी अंथरलेली होती. भिंतीला टेकून माणसं बसली होती, आणि त्यांच्यात गावचे मोठे जमीनदार दिनकरराव! अंबाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सुगी झाली की खतासाठी त्यांच्याच रानात येडबाची मेंढरं बसायची. येडबा सवयीनं दाराशीच थांबला. दिनकरराव सरकले, सतरंजीवर हात आपटत म्हणाले, "ये, बस. इथं कुणी मालक न्हाई."

मग एकेक जण बोलू लागला. एकानं लेकीच्या लग्नात नाल्यात पडल्याचं सांगितलं, तेव्हा सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले.

येडबाची पाळी आली. तो सतरंजीचे दोरे उपसत बसला. अंबाबाईला राहवेना. ती उठली, गाठ सोडली आणि भंडारा त्याच्यापुढं धरला.

"उचला. सगळ्यांसमोर उचला आन् म्हणा, जलमात पिणार न्हाई."

त्यांच्या समाजात भंडारा उचलून शपथ घेतली की विषय संपतो. येडबाचा चेहरा उतरला. त्यानं तो आधीही उचलला होता, आणि मोडला होता. तेव्हापासून तो देव्हाऱ्यापुढं उभासुद्धा राहत नव्हता.

"वहिनी, थांबा," दिनकरराव म्हणाले. "म्या बी नरसिंहापुढं शपथा खाल्ल्या. शपथ मोडली की देवाला तोंड दाखवायची लाज वाटती, आन् ती लाज बुडवायला माणूस पुन्हा पितो. इथं आमी जलमाचं बोलत न्हाई. आजच्या दिवसाचं बोलतो."

"आजच्या दिवसानं काय होतंय?" अंबाबाई तडकली. "जावळ म्होरल्या महिन्यात हाय!"

येडबानं मान वर केली. "अंबे, ते काळ्या मेंढीचं कोकरू आठवतंय का?"

तिचा हात तसाच राहिला. आठवत नसायला काय झालं? लग्नाचं पहिलंच वरीस. थंडी अशी की पाण्यात बोट घालवत नव्हतं. दिनकररावांच्याच रानात मेंढरांचं वाडगं होतं. अंधार पडता पडता कोकरू झालं, पार मेल्यासारखं. सासरा म्हणाला, दे सोडून. येडबानं ते घोंगडीत, छातीशी धरलं, बोटानं चीक पाजला आणि त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ओवी म्हणत बसला. नव्या नवरीनं भीत भीत विचारलं होतं, "जगंल का?"

"उद्याचं मला मालूम न्हाई," तो म्हणाला होता. "आज मरू देत न्हाई."

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. पुढं त्याच कोकराची मेंढी झाली, तिच्या गळ्यात घंटा आली आणि सगळा कळप तिच्या मागं चालू लागला. केवढा गोड गळा होता येडबाचा! पुढं तो गळा दारूच्या गुत्त्यावर शिव्या देण्यापुरताच उरला.

"तेवढंच जमंल मला," येडबा म्हणाला. "आजचं."

अंबाबाईनं भंडारा पुन्हा गाठीत बांधला.

मग दर रविवारी एसटी. मधल्या एका रविवारी तो पिऊन आला. तरी पुढच्या रविवारी दिनकररावांनी तशीच सरकून जागा दिली.

पोखर्णीला देवळात शिवकन्या बापाच्या पाया पडली. जरा जास्तच वेळ वाकून राहिली. ती काय हुंगते आहे हे अंबाबाईला कळलं, येडबालाही कळलं. तो हलला नाही. त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीला लोकरीचाच वास होता.

शिवकन्यानं लेकरू त्याच्या मांडीवर ठेवलं.

वस्तरा लागताच पोरानं आकांत मांडला. येडबानं घोंगडीचं टोक त्याच्यावर ओढलं आणि हळू आवाजात ओवी धरली. गळा खरखरत होता, मधे तुटत होता. पोर हुंदके देत देत ऐकू लागलं.

अंबाबाईनं गाठ सोडली, चिमूटभर भंडारा नातवाच्या भादरलेल्या डोक्यावर लावला, उरलेला नवऱ्याच्या कपाळाला.

"आजचं झालं," येडबा म्हणाला.

"आन् उद्याचं?"

"उद्या सकाळी इचार."