पेठेच्या वळणावरची पत्र्याची भिंत

इतकी वर्षं उलटली, तरी ते पेठेतलं वळण डोळ्यांसमोरून हलत नाही. सत्तरच्या दशकाची सुरुवात, दुष्काळाचे दिवस. पाथर्डी भागातल्या एका बाजारपेठेच्या गावी मी फौजदार होतो. सरकारी धान्याचे ट्रक गावातूनच जायचे.

एके सकाळी त्या वळणावर देवळाकडे निघालेल्या एका म्हातारीला ट्रकने चिरडलं. ट्रक पळाला. तिचा मुलगा पेठेतला किराणा दुकानदार. फिर्याद देताना तो टेबलावर मुठी आपटत होता.

"साहेब, त्याला फासावर चढवा!"

दुसऱ्या दिवशी एका एसटी ड्रायव्हरने खबर दिली की सुप्याजवळ धाब्यामागे दिवा फुटलेला ट्रक उभा आहे. आम्ही चालकाला तिथेच पकडलं.

"पळालास का?"

"लोकांनी जित्ता सोडला नसता, सायेब. पन म्हातारी दिसलीच न्हाई. भिंतीतनं निघाल्यावानी म्होरं आली."

अशी उत्तरं रोजचीच. तरीही खात्रीसाठी जप्त केलेला ट्रक जागेवर नेला. पेठेतली माणसं जमली, फिर्यादी दुकानदारही आला. स्टिअरिंगवर आमचा पोलीस ड्रायव्हर, शेजारी मी. हवालदाराला म्हातारीच्या वाटेने चालायला सांगितलं. ट्रक अगदी सावकाश वळला आणि हवालदार एकदम बॉनेटपुढेच उगवला! ब्रेक लागला, माझं कपाळ काचेवर आदळलं.

खाली उतरलो. हवालदाराचा चेहरा पांढराफटक. "साहेब, कडंनं चालायला जागाच न्हाई. हे पत्र्याचं शेड आडवं येतंय. रस्त्यात उतरावंच लागतंय."

"शेड कुणाचं?"

जमलेल्यांतला एक शेजारी हळूच म्हणाला, "ह्यांचंच हाय. दिवाळीला म्होरं घेतलं."

तो फिर्यादीकडे बोट दाखवत होता.

दुकानदार मटकन खाली बसला. "आई म्हनायची, बाळा, मला आता गाड्यांतनं जावं लागतंय. मी म्हनलं, जपून जात जा." फिर्यादीला धीर द्यायचे शब्द मला पाठ होते. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

भरधाव चालवून मृत्यू घडवल्याबद्दल आणि पळून गेल्याबद्दल चालकाला शिक्षा झाली. ती योग्यच होती; सावकाश वळला असता तर आमच्यासारखा त्यालाही ब्रेक लागला असता. दुकानदाराने शेड स्वतःच्या हाताने उचकटलं. शेजारच्या दुकानांचे ओटे मात्र ग्रामपंचायतीला पत्रं लिहूनही तसेच राहिले.

त्यानंतर अपघाताच्या पंचनाम्याला गेलो की गाडीच्या खुणा पाहण्याआधी मी एकच गोष्ट पाहायचो: पायी चालणाऱ्याला आपण वाट ठेवली होती का? बहुतेक ठिकाणी ती कुणीतरी खाल्लेली असायची, आणि खाणारा माणूस पंचांमध्येच उभा असायचा.