शिशाच्या जाळीची कड

मोर्चाचे फलक पाठकोऱ्या ड्रॉइंगांवर रंगवावेत म्हणून जुनी गुंडाळी उलगडली. जुन्या छापील ड्रॉइंगांना असतो तो अमोनियाचा उग्र वास आला आणि मी पुन्हा सिल्वासाच्या त्या कारखान्यात, ड्रॉइंग विभागात नवी लागलेली मुलगी झाले.

अंतराळात जाणाऱ्या, गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणीचा आराखडा चालला होता. आडून येणारे किरण अडवायला तिला शिशाची जाळी हवी होती. जमनी त्या जाळीची भोकं कानशीने घासत होती. मी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "हातमोजे काढ, जमनी. कड बोटाला कळली पाहिजे, असं लिहिलंय."

ती हसली. "एवढ्या उंच जाऊन कड कोण चाचपणार, बेन?"

पण तिने हातमोजे काढले. दुपारी करडे हात पदराला पुसून तिने भाकरी मोडली आणि अर्धी मला दिली. तेव्हा मला त्यात माया दिसली. आज शिसं दिसतं. साहेब पत्र्याची जाडी तीनतीनदा तपासत. तिच्या हातांसाठी नळसुद्धा नव्हता.

ती जाळी नुसता नमुना होती. आराखडा बदलला, जाळी भंगारात गेली.

परवा वासोण्याला, तिच्या गावी, जमनी भेटली. शिशाने तिची दोन्ही मनगटं लुळी पडलीत. तिने विचारलं, "बेन, आपली दुर्बीण गेली का वर?"

मोर्चाच्या पत्रकांतून साऱ्या साहेबांना खोटारडे म्हणणारी मी, "गेली," म्हणाले.