मगदुमांच्या पॉवर सप्लायची बटणं

लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीचा कीबोर्ड बिघडला की गडमुडशिंगीपासून कुरुंदवाडपर्यंतची माणसं शाहूपुरीत धनपाल मगदुमांकडं यायची. बोळातलं एका गाळ्याचं दुकान. टेबलावर पॉवर सप्लाय, म्हणजे हव्या तेवढ्या व्होल्टची वीज देणारी पेटी, तिला दोन नॉब. कीबोर्ड उघडायचा, वायरी जोडायच्या आणि नॉब हलक्या हातानं फिरवत वीज वाढवत न्यायची. तो हलका हातच पुढं कापायला लागला.

त्यांच्या बायकोला, राजमतीला, आधी वाटलं, पर्युषणातल्या उपवासांचा अशक्तपणा असेल. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दुकानात धनपालांनी कुणाला कळू दिलं नाही. गिऱ्हाईक आलं की उजवा हात खिशात. पण लग्नसराईत सम्राट नावाच्या बेंजोवाल्याचा कीबोर्ड जोडलेला असताना बोटांना झटका बसला, नॉब सर्रकन फिरला आणि आतला बोर्ड जळाला. सम्राट समोरच उभा होता. जळका वास सुटला तरी तो त्या हाताकडंच बघत राहिला. मग "असू दे अण्णा" म्हणाला आणि कीबोर्ड काखेत मारून निघून गेला. त्यानंतर बेंजोवाल्यांनी दुकानाची वाट सोडली. सम्राट भांडला असता तर बरं झालं असतं, असं धनपाल त्या दिवशी जेवताना म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

मग त्यांनी दोन्ही नॉब काढून टाकायचं ठरवलं. नॉबमागच्या पोटेन्शियोमीटरच्या, म्हणजे वीज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, जागी एक चिप, पुढं बटणं आणि आकडे दाखवणारा छोटा पडदा. बटण एकदा दाबलं की व्होल्ट एकाच पायरीनं वाढणार. हात कितीही थरथरला तरी वीज उडी मारणार नाही. लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. चिपचे केसाएवढे पाय सोल्डर करायला मात्र हात धजेना, म्हणून राजमती दुकानात येऊन बसली. ते सांगत गेले, ती करत गेली. बोट भाजलं, एक चिप वाया गेली, दुसरी बसली.

पेटी चालू झाली. धनपालांनी बटण दाबलं, बोट तिथंच थरथरलं आणि आकडा तीन पायऱ्या वर गेला. त्यांनी लॅपटॉप परत पुढं ओढला. मग प्रोग्रॅममध्ये भर घातली: एकदा दाबल्यावर थोडा वेळ पेटीनं दुसरं दाबणं मोजायचंच नाही. हे जमलं. पावसाळाभर त्यांनी रेडिओ, अँप्लिफायर, जे येईल ते दुरुस्त केलं.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी राजमतीला नऊ व्होल्ट लावायला सांगितलं. ती बटण दाबत राहिली, आकडा एक पायरी चढला आणि पुढं हलेना.

"बटण बिघडलंय वाटतं. मी दाबतीया तर घेईना."

"बिघडलं न्हाय," धनपाल खाली बघत म्हणाले. "थांबायची वेळ वाढीवलीया. हाताचं कापणं वाढंल तशी वाढवत आलोय."

डॉक्टरांना ते दर वेळी 'हाय तसंच हाय' सांगत होते. राजमतीही शेजारी बसून तेच खरं मानत आली होती. ती बटणावर बोट ठेवून एकेक आकडा वर यायची वाट बघत राहिली.

उन्हाळा लागेपर्यंत तपासायच्या तारा धरणंही जमेना. गाळा सोडायचं ठरलं. पेटी विकत न्यायला अतुल आला. तो पलीकडच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करायचा. पेटी उचलायच्या आधी धनपालांनी त्याला थांबवलं, राजमतीला लॅपटॉप उघडायला लावला आणि प्रोग्रॅममधली ती थांबायची ओळ कुठं आहे ते दाखवलं.

"काढून टाक ती," ते राजमतीला म्हणाले.

"राहू दे की. त्याचं काय अडतंय?"

"ती माझ्या हातासाठी हाय. त्याचा हात चांगला हाय."

तिनं ओळ पुसून प्रोग्रॅम पुन्हा पेटीत घातला. अतुलनं बटण भरभर दाबून बघितलं, आकडे सरसर चढले. लई भारी चालतंय अण्णा, असं तो मनापासून म्हणाला. धनपालांनी मान हलवली.

शटर ओढून दोघं उचगावला घरी निघाली. स्कूटर आता राजमती चालवायची. मागं बसलेल्या धनपालांचा उजवा हात तिच्या पाठीला लागून थरथरत होता.