माझ्या पोटातली गाठ

"दीज पीपल ड्रिंक, डॉक्टर."

साहेब खुर्चीत. मी तपासणीच्या पलंगावर, शर्ट वर केलेला. सौदीतल्या तबूकच्या हॉस्पिटलात इजिप्शियन डॉक्टरांनी विचारलं होतं, दारू पितो का? प्रश्न मला होता. उत्तर साहेबांनी दिलं. साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे इंजिनियर, पुण्याचे. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून दुभाषे होऊन आलेले. पण एवढं इंग्रजी मला कळतं. ज्या देशात दारूसाठी तुरुंग आहे, तिथे माझ्या फाइलवर दारू चढली. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. मी शर्ट खाली ओढला.

'दीज पीपल' म्हणजे कोण, तेही मला ठाऊक होतं. कामावर पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. अंदाज लागेना, मग गाव. मग, "गावात कुठे राहता?" मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यानंतर मी पुढे केलेला चहा त्यांनी कधी घेतला नाही.

मी वेल्डर. तीन महिने पोटात दुखायचं, कळ पाठीत जायची. संध्याकाळी बारीक ताप. पँट दोरीने बांधायची वेळ आली. स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर गाठ निघाली. डॉक्टरांचा दुसरा प्रश्न होता, घरात कुणाला टीबी? याचं उत्तर मात्र मीच दिलं. नो.

खोटं. थोरल्या भावाला टीबी झाला होता आणि आम्ही एकाच खोलीत झोपायचो. पण इकडे येताना एजंटने घोकून घेतलं होतं, "मेडिकलला टीबी विचारलं की नाही म्हणायचं. घरात नाही, दारात नाही." आम्ही सगळेच ते पाठ करून येतो. मरायला टेकलो तरी तोंडातून तेच निघालं. माझीच चूक.

दारू हो, टीबी नाही. डॉक्टरांनी कॅन्सरचा संशय लिहिला. सुईने गाठीचा नमुना काढून बघू म्हणाले. साहेबांना ते नको होतं, खर्च कंपनीवर पडला असता. दोन दिवसांनी ते वॉर्डात फायनल एक्झिटचा कागद घेऊन आले, कायमचं परत पाठवण्याचा.

"सही कर. सुया कशाला टोचून घेतोस? घरी जा, मुलाबाळांत राहा."

आवाज इतका मऊ की मला भीती वाटली. हा माणूस मला मरायला पाठवत होता आणि त्यावर माझीच सही मागत होता. मी पेन घेतलंही. बाजूला मलयाळी सिस्टर सलाईन बदलत होती. पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, मैं दारू नहीं पीता. और मैंने झूठ बोला. मेरे भाई को टीबी था. डॉक्टर को बुलाओ."

साहेब दात खाऊन म्हणाले, "मूर्खा, टीबी म्हणालास तर हाकलतील."

"तुम्ही काय वेगळं करताय, साहेब?"

घशातून नळी उतरवली. तिच्या टोकाच्या यंत्राने गाठ शोधून जठराच्या भिंतीतून सुई नेली. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाचा टीबी स्कॅनवर कॅन्सरसारखाच दिसतो, नमुना तपासल्याशिवाय खात्री नाही. कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. टीबीचे जंतू सापडले. गोळ्या कित्येक महिने चालतील. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याआधीच संपतो. पुढे कंपनी काय करेल, ठाऊक नाही. फाइलच्या पहिल्या पानावर दारू अजून तशीच होती.

काल डॉक्टरांच्या खोलीत साहेब पुन्हा आले आणि खुर्ची ओढू लागले.

"साहेब, बाहेर बसा. माझ्या पोटाचं मी बोलेन."

मी दार उघडून धरलं. ते गेल्यावर डॉक्टरांपुढे फाइलचं पहिलं पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ती खोडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.