गेस्ट हाउसमधलं चांदणं

अंधार हा सुरक्षेचा पहिला शत्रू असतो, आणि राष्ट्राची संपत्ती उजेडातच सुरक्षित राहते. आमच्या टाऊनशिपचे सुरक्षा अधिकारी चौहान साहेब गेस्ट हाउसच्या लॉबीत उभे राहून हे सांगत होते. त्यांच्या पाठीमागे, समुद्री माशांच्या टाकीत, राष्ट्राची संपत्ती आठ दिवस मिटून बसली होती.

मी तेव्हा भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघत होतो. टाकीशी माझा संबंध दिव्यापुरता. टाकीत प्रवाळ होतं. ते झाडासारखं दिसतं, पण असतो प्राणी. बोटांसारखे तंतू पसरून खातो, त्रास झाला की मिटून घेतो. साकेत नगरात माशांचं दुकान असलेला सलीम टाकीची निगा राखायचा. त्याचं वर्षाचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, आणि पुढच्या सोमवारी चेअरमन येणार होते.

"सोमवारपर्यंत हे फुललं नाही ना बाप्पा, तर सलीमचं कंत्राट खतम," आमचे जनरल मॅनेजर वानखेडे साहेब म्हणाले. ते मूळचे नागपूरचे. रागावले की जास्तच नागपूरचे.

सलीमचा चेहरा उतरला. "साहब, पानी चार बार टेस्ट किया. पानी ठीक है. आप ज़रा लाइट देखिए."

पाहिली. टाकीवर पूर्वी एक बारीक निळी एलईडी पट्टी होती, जेमतेम चांदण्याएवढी. तिच्या जागी आता लग्नाच्या मांडवाला शोभेल असा निळा फ्लडलाइट होता, आणि तो रात्रभर जळत होता. केशरी मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले.

"इनको रात में अंधेरा चाहिए, साहब," सलीम म्हणाला. "हल्की नीली लाइट तो हम लोगों के लिए है. खाने के बाद देखने को."

फ्लडलाइट कोणी लावला? रजिस्टर काढलं. लॉबीत रात्री पाच लक्स उजेड हवा, असा सुरक्षा विभागाचा नियम. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप. टाकीची पट्टी रात्री जळते, म्हणून तिची नोंद रात्रीच्या दिव्यांच्या यादीत, चौदाव्या क्रमांकावर. मोजणीत ती नापास झाली, म्हणून बदलली. मंजुरीखाली सही माझी. वाचून केलेली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

मी चौहान साहेबांना म्हटलं, "सर, मछली चोरी करेगी क्या?"

"सवाल मछली का नहीं है, इंजीनियर साहब. सवाल सूची का है."

सूचीपुढे जीवशास्त्राचं काही चालत नाही. मी टेबलाचा खण उपसला आणि वीजबचतीचं जुनं सर्क्युलर शोधलं: शोभेचे सर्व दिवे रात्री दहाला बंद. मग एक नोट लिहिली. क्रमांक चौदा हा शोभेचा दिवा असून चुकून रात्रीच्या यादीत आला आहे.

"डेकोरेटिव किसने कहा?" चौहान साहेबांनी विचारलं.

"सर्क्युलर चेअरमन ऑफिस का है, सर."

त्यांनी उभ्या उभ्या सही केली. त्यांचे पाच लक्स मी दाराजवळ, टाकीकडे पाठ केलेली एक ट्यूब लावून भरून दिले. निळी पट्टी परत आली. संध्याकाळी सात ते दहा मंद निळं, मग काळोख. शनिवारी एका प्रवाळाने दोनचार तंतू बाहेर काढले. सोमवारी सकाळी अख्खी टाकी फुललेली होती, आणि सलीम नवा शर्ट घालून शेजारी उभा होता.

चेअरमन आले. टाकीपुढे क्षणभर थांबले. "सुंदर! प्लास्टिक का है?"

चेअरमनना चूक ठरवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. वानखेडे साहेब म्हणाले, "जी सर. इम्पोर्टेड."

त्या नोकरीत मी एवढंच शिकलो, की एका सर्क्युलरवर उतारा दुसरं सर्क्युलरच.

सलीमचं कंत्राट वाढलं, एका नव्हे, तीन वर्षांसाठी. कामाचं स्वरूप : आयात केलेल्या प्लास्टिकच्या शोभेच्या वस्तू पुसणे.